मिनेसोटातलं मक्याचं तेल: कोलेस्टेरॉल उतरलं, मग माणसं वाचली का?

१९६८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सहा सरकारी मनोरुग्णालयं आणि वृद्ध-आजाऱ्यांना सांभाळणारी एक संस्था, अशा सात ठिकाणी दोन तऱ्हेचं जेवण शिजू लागलं. ताटं दिसायला सारखीच. एका ताटात तिथलं नेहमीचं अन्न: लोणी, साय न काढलेलं दूध, चरबीसकट मांस, बाजारात मिळणारी मार्गारीन, म्हणजे तेलापासून केलेला लोण्यासारखा पदार्थ. दुसऱ्या ताटात पदार्थ तेच, पण त्यांतली प्राणिज चरबी शक्य तितकी काढून तिच्या जागी मक्याचं तेल घातलेलं. कुणाच्या वाट्याला कोणतं ताट येणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं होतं. जेवणाऱ्याला ते माहीत नव्हतं आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही नव्हतं. हे साडेचार वर्षं चाललं. २० ते ९७ वयाच्या ९,४२३ स्त्री-पुरुषांनी हे जेवण जेवलं.

हा मिनेसोटा कॉरोनरी एक्सपेरिमेंट. संतृप्त मेद, म्हणजे मुख्यतः लोणी-चरबीसारख्या पदार्थांतला मेद, काढून त्या जागी वनस्पती तेल दिलं तर हृदयविकार आणि मृत्यू कमी होतात का, हे पाहण्यासाठी झालेल्या प्रयोगांत हा सर्वांत मोठा. तेल-लोणी आरोग्याला चांगलं की वाईट, यावर वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक आज याच प्रयोगाचे आकडे एकमेकांच्या अंगावर फेकतात. कुणी म्हणतं, वनस्पती तेलांनी माणसं मारली. कुणी म्हणतं, तो प्रयोग जुना आणि सदोष, सोडून द्या. मला दोन्ही मान्य नाही. आकडे नीट लावून पाहिले तर या एका प्रकरणातून स्निग्ध पदार्थांबद्दल जेवढं शिकता येतं तेवढं डझनभर आहारपत्रकांतून येत नाही, म्हणून ते सुरुवातीपासून मांडतो.

त्याआधी काय माहीत होतं

गंमत म्हणजे या गोष्टीचं पहिलं टोकही मिनेसोटा विद्यापीठातच सापडतं. १९२९ साली तिथल्या जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेदाचा अंशही नसलेलं अन्न दिलं. कॅलरी पुरेशा होत्या, प्रथिनं होती, तेव्हा माहीत असलेली जीवनसत्त्वंही होती. तरी उंदरांची वाढ खुंटली, शेपटीवर खवले धरले, मूत्रपिंडं बिघडली आणि ते मेले. अन्नात थोडा मेद परत आला की ते सुधारत. पुढच्या कामात त्यांनी या गुणाचा धनी ओळखला: लिनोलेइक आम्ल, म्हणजे मेद ज्यांचा बनतो त्या मेदाम्लांपैकी एक. शरीराला ते स्वतः बनवता येत नाही, खाऊनच मिळवावं लागतं. तोवर मेद म्हणजे निव्वळ जळण, एका ग्रॅमला नऊ कॅलरी देणारं, असा समज होता. बर दांपत्याच्या उंदरांनी तो मोडला. आज आपल्याला माहीत आहे की प्रत्येक पेशीचं आवरण मेदाम्लांचंच बनतं आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं आतड्यातून रक्तात जायला मेदाचीच सोबत लागते. तेव्हा 'स्निग्ध पदार्थ मुळात हवेत का', या प्रश्नाचा निकाल १९२९ सालीच लागला आहे. अन्नातून मेद पूर्ण बाद करणं म्हणजे त्या उंदरांच्या वाटेने जाणं. पुढचा सगळा वाद कोणता मेद, किती आणि कशाच्या बदल्यात, एवढाच आहे.

दुसरा धागा अ‍ॅन्सेल कीज यांचा. तेही मिनेसोटा विद्यापीठाचेच. १९५० च्या दशकात अमेरिकेत मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराच्या झटक्याने पटापट जात होते. कीज यांनी स्वयंसेवकांचा आहार काटेकोर बदलून दाखवलं की संतृप्त मेद वाढवला की रक्तातलं कोलेस्टेरॉल चढतं आणि बहुअसंतृप्त मेद, म्हणजे मका-करडईसारख्या तेलांत भरपूर असणारा मेद, वाढवला की उतरतं. चढवण्याची ताकद उतरवण्याच्या ताकदीच्या साधारण दुप्पट. त्याच सुमारास लोकसंख्येच्या पाहण्यांतून दिसत होतं की ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त त्यांना झटक्याचा धोकाही जास्त. १९६१ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने धोका असलेल्या लोकांना संतृप्त मेद कमी करून वनस्पती तेलं वापरण्याचा सल्ला दिला.

सल्ला तर्काला धरून होता. तेलाने कोलेस्टेरॉल उतरतं, कोलेस्टेरॉल कमी असणाऱ्यांना झटके कमी येतात, म्हणून तेलाने झटके कमी होतील. पहिल्या दोन वाक्यांना पुरावा होता. तिसरं वाक्य त्या दोहोंतून काढलेलं अनुमान होतं, आणि लाखो लोकांच्या ताटात जाणार होतं ते तिसरंच. ते तपासायला हवं, हे कीज आणि त्यांचे सहकारी आयव्हन फ्रँट्झ यांना पुरेपूर कळत होतं. म्हणून तर मिनेसोटाचा प्रयोग उभा राहिला. प्रमुख फ्रँट्झ, कीज जोडीला. ज्या माणसाने सिद्धांत मांडला तोच त्याच्या कठोर परीक्षेला पुढे झाला, याचं श्रेय कीज यांना द्यायलाच हवं. पुढे जे झालं त्याने ते श्रेय पुसलं जात नाही.

स्वयंपाकघरात

आहाराचे प्रयोग बहुतेक वेळा एकाच खडकावर फुटतात: लोक सांगितलेलं खात नाहीत, आणि काय खाल्लं ते नीट आठवत नाही. मनोरुग्णालयात हा प्रश्न नव्हता. तिन्ही त्रिकाळचं जेवण एकाच स्वयंपाकघरातून, तेही मोजून. शिवाय शवविच्छेदन करून हृदयाच्या धमन्या प्रत्यक्ष पाहण्याची सोय. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने एवढी हुकमी जागा दुसरी नव्हती.

बदल असा केला होता. रुग्णालयाच्या नेहमीच्या स्वयंपाकाच्या चरबीऐवजी मक्याचं पातळ तेल. लोण्याऐवजी त्याच तेलाची मऊ मार्गारीन. मांसाचा खिमा आधी चरबी काढून घेतलेला आणि मग त्यात मक्याचं तेल मिसळलेलं. दुधातला आणि चीजमधला मूळ स्निग्धांश काढून तिथेही तेल. नेहमीच्या जेवणात एकूण कॅलरींपैकी १८ टक्के संतृप्त मेदातून येत होत्या, बदललेल्या जेवणात ९ टक्के. बहुअसंतृप्त मेद ५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेला. दिवसाला २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या हिशेबात सांगायचं तर रोज सुमारे २० ग्रॅम संतृप्त मेद पोटात जायचा थांबला आणि सुमारे २२ ग्रॅम बहुअसंतृप्त मेद जास्त जाऊ लागला. एवढा मोठा फेरबदल घरच्या जेवणात सल्ल्याने घडवून आणणं जवळपास अशक्य आहे.

एकूण मेद मात्र दोन्हीकडे तेवढाच होता: ३९ टक्के आणि ३८ टक्के. ही गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. हा 'कमी तेलाच्या जेवणा'चा प्रयोग नव्हता. तेल-लोण्याचं प्रमाण तेच ठेवून फक्त जात बदलायची, असा तो प्रयोग होता.

आकडे

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत अंदाज तंतोतंत खरा ठरला. सुरुवातीला ते रक्ताच्या दर डेसिलिटरमागे सरासरी २०७ मिलिग्रॅम होतं. मक्याच्या तेलाच्या गटात ते १७५ वर आलं, नेहमीच्या जेवणाच्या गटात २०३ वर राहिलं. औषधाची एकही गोळी न देता, फक्त स्वयंपाकघरातून, एवढी घसरण. कीज यांच्या गणिताचा हा विजयच होता.

मग हृदयविकाराचे झटके आणि मृत्यू मोजले. दोन्ही गटांत फरक नव्हता. ना झटक्यांत, ना हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंत, ना एकूण मृत्यूंत. तरुण वयाच्या काही गटांत कल थोडा तेलाच्या बाजूने दिसला, एकूण लोकसंख्येत नाही.

प्रयोग १९७३ मध्ये संपला. १९७५ मध्ये एका वैद्यकीय परिषदेत निकाल थोडक्यात सांगितला गेला. १९८१ मध्ये स्टीव्हन ब्रोस्ट या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंधासाठी या माहितीचं विश्लेषण केलं, ते ग्रंथालयात राहिलं. सविस्तर शोधनिबंध छापून आला तो १९८९ साली, म्हणजे प्रयोग संपल्यानंतर तब्बल सोळा वर्षांनी. त्याच्या लेखकांत फ्रँट्झ होते, कीज यांचं नाव नव्हतं.

या सोळा वर्षांत जग थांबलं नव्हतं. १९७७ मध्ये सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने अमेरिकेची आहारविषयक उद्दिष्टं जाहीर केली. १९८० मध्ये सरकारी आहार मार्गदर्शिका आली. दोन्हींत संतृप्त मेद कमी करा असं सांगितलं होतं. त्या विषयावरच्या सर्वांत मोठ्या प्रयोगाचा निकाल तेव्हा छापील स्वरूपात कुणाच्या टेबलावर नव्हता. मार्गदर्शिकेतला सल्ला चुकीचाच होता असं मी म्हणत नाही, पुढे त्याच्या बाजूनेही पुरावा येणार आहे. पण तोलायच्या वेळी तराजूत एक मोठं वजन ठेवलंच गेलं नाही, हे मला मनापासून खुपतं. निकाल मनाजोगता आला असता तर त्याला सोळा वर्षं लागली असती का, हा प्रश्न दरवेळी हे प्रकरण वाचताना पडतो.

तळघरातले खोके

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले संशोधक क्रिस्टोफर रॅम्सडेन जुन्या आहार-प्रयोगांची मूळ माहिती शोधत होते. २०१३ मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या अशाच एका प्रयोगाची माहिती उजेडात आणली होती. मिनेसोटासाठी ते फ्रँट्झ यांच्या मुलांपर्यंत पोचले. रॉबर्ट फ्रँट्झ स्वतः हृदयरोगतज्ज्ञ. वडील तोवर वारले होते. रॉबर्ट यांनी वडिलांच्या घराचं तळघर धुंडाळलं, आणि तिथे धूळ खात पडलेल्या खोक्यांत संगणकाच्या जुन्या चुंबकीय फिती आणि पिवळे पडलेले कागद सापडले. त्या फिती वाचण्याजोग्या करून घेतल्या, ब्रोस्ट यांचा प्रबंध जोडीला घेतला आणि एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नवं विश्लेषण आलं.

त्यातले तीन आकडे जगभर फिरले. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ हे जेवण घेतलेल्या २,३५५ जणांत तेलाच्या गटाचं कोलेस्टेरॉल १३.८ टक्क्यांनी उतरलं होतं, दुसऱ्या गटाचं अवघ्या १ टक्क्याने. कोलेस्टेरॉल दर ३० मिलिग्रॅमने उतरलं की मृत्यूचा धोका २२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. आणि सापडलेल्या १४९ पूर्ण शवविच्छेदन-फायलींत तेलाच्या गटातल्या ४१ टक्के लोकांच्या हृदयात झटक्याची खूण होती, नेहमीच्या जेवणाच्या गटात २२ टक्क्यांच्या.

बातम्यांना एवढं पुरलं. 'कोलेस्टेरॉल उतरवणारं तेल जीवघेणं' असा सूर लागला. इथे मात्र घाई न करता थांबायला हवं, कारण हेच आकडे जरा उलटून पाहिले की वेगळं काही सांगतात.

२२ टक्क्यांचा आकडा कुणाचा?

हा आकडा दोन गटांतला फरक नाही. चिठ्ठीने ठरवलेल्या दोन गटांच्या मृत्यूंत फरक सिद्ध झालेला नव्हता, २०१६ मध्येही नाही. २२ टक्के हा संबंध आहे 'ज्याचं कोलेस्टेरॉल जास्त उतरलं' आणि 'जो मेला' यांच्यातला. आणि तो दोन्ही गटांत सारखाच दिसला. म्हणजे ज्याने मक्याचं तेल खाल्लंच नाही, नेहमीचं लोणी खाल्लं, त्याचंही कोलेस्टेरॉल उतरत गेलं तर त्याच्या मृत्यूची शक्यता वाढलेली होती.

हे कसं? आजारी माणसाचं कोलेस्टेरॉल उतरतं. कर्करोग, दीर्घ संसर्ग, यकृताचा विकार, म्हातारपणी खंगत जाणं, या सगळ्यांत यकृताची कोलेस्टेरॉल बनवण्याची आणि माणसाची खाण्याची ताकद कमी होते. मरणाच्या वाटेवरच्या माणसाचा आकडा आधी खाली येतो. तेव्हा आकडा उतरला म्हणून माणूस गेला, की माणूस जात होता म्हणून आकडा उतरला, हे एवढ्या माहितीवरून सांगता येत नाही. हा संबंध ६५ वर्षांपुढच्यांत ठळक होता, हेही दुसऱ्या शक्यतेला धरूनच आहे. रॅम्सडेन यांच्या शोधनिबंधातही तेलाने मृत्यू घडले असा दावा नाही. त्यांचं म्हणणं इतकंच की कोलेस्टेरॉल उतरूनही अपेक्षित फायदा दिसला नाही.

शवविच्छेदनाचा आकडा अंगावर येतो खरा, पण १४९ फायली म्हणजे ज्या सापडल्या त्या. कोणत्या राहिल्या आणि का राहिल्या हे त्यांतून कळत नाही. त्याच फायलींत धमन्यांच्या भिंतीवरचे थर तेलाच्या गटात जास्त होते असं काही आढळलं नाही. झटके जास्त आणि थर तेवढेच, हे नीट जुळत नाही. मी तरी या ४१ विरुद्ध २२ वर फार मोठी इमारत उभारणार नाही.

काळ पुरेसा होता का?

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. कागदावर प्रयोग साडेचार वर्षांचा, पण माणसागणिक पाहिलं तर सरासरी अवघे ३८४ दिवस. दोन वर्षांहून जास्त काळ जेवण घेतलेले होते फक्त १,५६८. याचं कारण प्रयोगाच्या बाहेरचं. त्याच काळात अमेरिकेत मनोरुग्णांना वर्षानुवर्षं रुग्णालयात ठेवण्याचं धोरण बदललं आणि लोक लवकर घरी जाऊ लागले. कुणी मधेच आलं, कुणी मधेच गेलं, कुणी परत आलं. ज्या बंदिस्तपणावर प्रयोगाची मदार होती तोच सैल झाला.

धमनीतला थर दशकांत साचतो. वर्षभर जेवण बदलून त्याच्यावर किती परिणाम होणार? १९९४ साली स्कँडिनेव्हियात सिम्व्हास्टॅटिन या औषधाचा प्रयोग झाला. हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण, पाठपुरावा साधारण ५.४ वर्षांचा. कोलेस्टेरॉल उतरलं आणि एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे कोलेस्टेरॉल, त्यातही एलडीएलमधलं, ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, आणि हृदयविकार यांचा कार्यकारण संबंध खोटा नाही. पुरेसा वेळ आणि योग्य माणसं मिळाली की तो दिसतो. मिनेसोटाचा दाखला देऊन कुणी आपली औषधं बंद करत असेल तर ते धोक्याचं आहे, आणि या प्रयोगात त्याला कसलाही आधार नाही.

तेल कोणतं होतं?

तरी सगळा दोष काळावर ढकलून मोकळं होता येत नाही. सिडनीच्या प्रयोगाकडे पाहा. १९६६ ते १९७३, हृदयविकाराचा त्रास नुकताच झालेले ३० ते ५९ वयाचे ४५८ पुरुष. एका गटाला प्राणिज चरबीच्या जागी करडईचं तेल आणि करडईची मार्गारीन. तिथे तेलाच्या गटात मृत्यू जास्त झाले: १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८ टक्के. उलट ऑस्लोमध्ये पॉल लेरेन यांनी झटका येऊन गेलेल्या ४१२ पुरुषांवर प्रयोग केला. तिथे सोयाबीनचं तेल होतं आणि मासे खायलाही सांगितलं होतं. पाच वर्षांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण कमी झालं.

तिन्हीकडे वनस्पती तेलच. मग फरक कशाचा? तेलांच्या पोटात शिरावं लागतं. मक्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास किंवा थोडं जास्त लिनोलेइक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-६, आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३, जेमतेम १ टक्का. त्या प्रयोगातल्या करडईत ओमेगा-६ त्याहून कितीतरी जास्त आणि ओमेगा-३ जवळपास नाहीच. सोयाबीनच्या तेलात मात्र सुमारे ७ टक्के ओमेगा-३ असतं, आणि माशांतून लांब साखळीचं ओमेगा-३ वेगळं मिळतं. रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल ही तिन्ही तेलं उतरवतात. त्या चाचणीला त्यांच्यातला फरक दिसतच नाही. रॅम्सडेन यांचा रोख याच मुद्द्यावर आहे, आणि तो मला वजनदार वाटतो. मात्र ऑस्लोच्या गटाच्या आहारात आणखीही बदल होते, त्यामुळे सगळं श्रेय ओमेगा-३ ला देता येणार नाही.

आणखी एक अडचण मार्गारीनची. पातळ तेल घट्ट करायला त्यात अंशतः हायड्रोजन घालायचे. त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होतं. १९६८ साली त्याच्यावर कुणाचा संशय नव्हता. ते एलडीएल वाढवतं आणि एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, कमी करतं, हे मेन्सिंक आणि काटान यांनी १९९० मध्ये दाखवलं. मिनेसोटात नेहमीच्या जेवणातल्या मार्गारीनमध्ये ते होतं, तेलाच्या गटाच्या मार्गारीनमध्येही थोडंफार असण्याची शक्यता आहे. दोन्ही पारड्यांत न मोजलेलं विष असेल तर तराजूचा काटा काय सांगतो हे कळणं कठीण. स्निग्ध पदार्थांच्या या सगळ्या पसाऱ्यात कारखान्यात बनणारं ट्रान्स फॅट एवढंच असं आहे की ज्याच्या बाजूने बोलण्यासारखं काही नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अंशतः हायड्रोजन घातलेली तेलं सुरक्षित मानायला नकार दिला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये ती जगभरातून हद्दपार करण्याची मोहीम उघडली.

या प्रकरणानंतरचा पुरावा

मिनेसोटा एकटा धरून कुणी आपलं जेवण ठरवू नये. कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये किमान दोन वर्षं चाललेल्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. किमान दोन वर्षं ही अट महत्त्वाची, कारण मिनेसोटाची कमजोर बाजू तीच. संतृप्त मेद कमी केल्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रसंग सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाले. एकूण मृत्यूंत मात्र फारसा फरक दिसला नाही. दुसरीकडे, नुसता एकूण मेद कमी करण्याचा प्रयोगही अमेरिकेत झाला: पाळी थांबलेल्या ४८,८३५ स्त्रिया, सरासरी ८.१ वर्षं. २००६ मध्ये निकाल आला. हृदयविकार किंवा पक्षाघात कमी झाला नाही. मेद काढला की त्या कॅलरी कुठून तरी येतात, आणि मैदा-साखरेतून आल्या तर हातात काही पडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस अशी: प्रौढांनी एकूण मेद कॅलरींच्या ३० टक्क्यांपर्यंत ठेवावा, तो प्रामुख्याने असंतृप्त असावा, संतृप्त मेद १० टक्क्यांपर्यंत, ट्रान्स फॅट १ टक्क्यापर्यंत. २,००० कॅलरींमागे १० टक्के म्हणजे सुमारे २२ ग्रॅम. मला ही शिफारस पटते. पण तिच्या आतही मिनेसोटाचा प्रश्न जिवंत आहे: 'असंतृप्त' या एका शब्दात मक्याचं तेल, ऑलिव्हचं तेल, जवसाचं तेल आणि मासे सगळेच बसतात. एकाच तेलाचा मारा करून कोलेस्टेरॉलचा आकडा सुंदर करणं आणि निरनिराळ्या स्रोतांतून मेद मिळवणं या दोन गोष्टी कागदावर सारख्या दिसल्या तरी शरीरात सारख्या नाहीत. तेलाच्या बाटलीवर 'कोलेस्टेरॉल कमी करतं' असं लिहिलेलं खरं असू शकतं. मिनेसोटातही ते खरंच होतं.

त्या सात ठिकाणची माणसं

शेवटचा मुद्दा आहाराचा नाही, पण तो टाळून हे प्रकरण पूरं होत नाही. प्रयोगाआधी रुग्णांना छोट्या गटांत माहिती दिली होती, जेवणाचे नमुने चाखायला दिले होते आणि नको म्हणायची मुभा होती. लेखी संमती मात्र घेतली नव्हती. दोन्ही जेवणं रुग्णालयात एरवीही चालण्याजोगी आहेत, मग संमतिपत्र कशाला, असा तेव्हाचा विचार. बंद वॉर्डात राहणारा माणूस किती मोकळेपणाने नको म्हणू शकतो, हे त्या मुभेत कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी पाहणीसाठी रक्त दिलं, आणि जे तिथेच वारले त्यांतल्या काहींनी आपलं हृदयही दिलं. त्या हृदयांच्या नोंदी चाळीसहून जास्त वर्षांनी एका घराच्या तळघरातून बाहेर आल्या, आणि पूर्ण अशा फायली हाती लागल्या त्या १४९.